रिलेसाठी वेगळं वायंडिंग

बोरी बुद्रुक
११ नोव्हेंबर २०२४

गोरख,

वर आशीर्वाद लिहिलेले नाहीत, शोधू नकोस. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. मडगावचा पत्ता कुठून मिळाला याचा विचार करत बसशील, तर सांगून टाकते. अण्णांच्या सदऱ्याच्या खिशात कुरिअरची पावती सापडली. तुला दिवाळीचा फराळ गेला म्हणे. मला मात्र अण्णा एप्रिलपासून सांगतायत, "कुटं हाय पोरगं, मलाबी ठाव न्हाई."

असो. लिहायचं कारण वेगळं आहे. अ‍ॅम्प घरी आलाय, तुझ्या गिटारचा.

सावळेराम मंडपवाले स्वतः टेम्पोत घालून घेऊन आले. यात्रेच्या दिवसापासून त्यांच्या गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या मागे पडून होता. मी त्यांना म्हणाले, "मला तर घरात सांगितलं होतं, पोलिसांनी नेला आणि तिकडंच मोडीत गेला." त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "ताई, पोलिसांनी नुसता फोटो काडला. गोरखच मला म्हनला व्हता, भंगारात घाल, कुनाला दाऊ नको. पर पेटी सागाची. जीवावर आलं राव."

भंगारात घाल, कुणाला दाखवू नको. हे तू का म्हणालास?

मी अजून पेटी उघडलेली नाही. दुकानात टेबलावर ठेवलीये आणि तिच्यासमोर बसून हे लिहितेय. त्या दिवसाची तुझी आठवण पोलिसांपुढे फार सोयीची झाली होती, म्हणून माझी लिहून ठेवते.

हा अ‍ॅम्प तुझ्यासाठी मी बनवला. विकतचा तुला आवडत नव्हता, तुला जुन्या रेडिओसारखा, काचेच्या व्हॉल्व्हचा आवाज हवा होता. ट्रान्सफॉर्मर मी हातानं भरला, जशा विहिरीवरच्या मोटारी भरते तसा, तांब्याची तार गुंडाळून. तुला गाण्याच्या मध्येच पायानं बटण दाबून साधा आवाज फाटका करायचा होता, म्हणून आत रिले बसवले. रिले काय असतो ते तुला मीच दाखवलं होतं, मोटारीचा स्टार्टर उघडून: विजेनं चालणारा छोटा स्विच. तो ओढायला त्याला स्वतःची वीज लागते. ती मी त्याच ट्रान्सफॉर्मरवर वेगळं बारीक वायंडिंग घालून दिली. तू विचारलंस, "इतकी कटकट कशाला ताई? व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या तारेवरनं घे की." मी म्हणाले, नाही. रिलेचं वेगळंच राहील. तुझ्यासमोर म्हणाले.

मग चैत्रातली ती यात्रा. धूळ बसावी म्हणून टँकरनं पाणी मारलेलं मैदान. दुपारचं साउंड चेकिंग. मी तिथं नव्हते. मला कळलं ते एवढंच, की तुमच्या बँडमध्ये गाणारी अक्षदा तुझी गिटार गळ्यात घालून उभी होती. डावा हात तारांवर होता. उजव्यानं तिनं माइक धरला आणि ती तिथंच खाली कोसळली. कुणीतरी मेन स्विच पाडला म्हणून वाचली.

आणि तू पोलिसांना, कमिटीला, तिच्या आईला, सगळ्यांना सांगितलंस: "अ‍ॅम्प कंपनीचा नाही. आमच्या ताईनं घरी बनवलाय."

पुढं एक शब्द नाही. चार दिवसांत गोव्याला.

गोरख, तेव्हापासून मी माझं सर्किट किती वेळा कागदावर काढलं असेल. चूक कुठं झाली, कुठं झाली. एकेक सांधा तीन तीनदा सोल्डर करते. लोक जळालेली मोटार घेऊन येतात, दारातून बघतात, दुकानात मीच दिसले की म्हणतात, "नारायणगावला नेतो, तिकडं जायचंच हाय." उसाला पाणी द्यायला लाईट दिवसा मिळते तेवढीच, अंधार पडला की बिबट्याच्या भीतीनं कुणी विहिरीकडे फिरकत नाही. एक दिवस मोटार बंद म्हणजे किती नुकसान, हे माहीत असून माणसं माझ्या दारावरून पुढं जातात.

उद्या उघडते.

उज्ज्वला

---

बोरी बुद्रुक
१३ नोव्हेंबर

गोरख,

उघडला.

मी दोन रिले बसवले होते. आत चार आहेत. हे दोन कुठून आले? त्यांचं सोल्डरिंग बघूनच ओळखलं. पाखरं शिटून गेल्यासारखं तुझं सोल्डरिंग. पायाच्या बटणांच्या पेटीत दिव्यांची पट्टीही चिकटवलीस, स्टेजवर चमकायला. चार रिले आणि वर ती रोषणाई माझ्या बारीक वायंडिंगला झेपेना, म्हणून ते तू कापलंस. कापून टोकांना चिकटपट्टी लावलीस. आणि रिलेंना वीज दिलीस हीटरच्या वायंडिंगवरून.

ज्याला मी नाही म्हणाले होते तेच.

का नाही म्हणाले होते ते आता तरी ऐक. हीटरचं वायंडिंग मी मधोमध चेसीला, म्हणजे पेटीतल्या पत्र्याला जोडलेलं होतं, आवाजात घुमघुम येऊ नये म्हणून. तू त्यावर चार डायोड लावून डीसी काढलास आणि त्या डीसीचंही एक टोक चेसीलाच बांधलंस. झालं. अर्धं वायंडिंग डायोडमधून स्वतःवरच शॉर्ट. डायोड जळून कायमचे जोडले गेलेत आणि त्यानंतर ट्रान्सफॉर्मर भट्टीसारखा तापत राहिलाय. आवाज मध्येच बसत असणार. घुमत असणार. फ्यूज उडत असणार. उडायलाच हवा, तो त्यासाठीच असतो.

मग मी फ्यूजची टोपी काढली. आत फ्यूज नाही. तांब्याची तार आहे, माझ्याच रिळातली.

ट्रान्सफॉर्मर कापला. आतला कागद कोळसा झालाय. मेनची तार उघडी पडून लोखंडाला टेकलीये. म्हणजे घरातला पूर्ण करंट पेटीच्या पत्र्यात. पत्र्यातून गिटारच्या तारांत. तारांतून त्या पोरीच्या हातात.

माझ्या सर्किटमध्ये चूक नव्हती, गोरख. माझ्या हातात चूक नव्हती. हे वाक्य लिहिताना मला रडू आलं आणि त्याचा मला आणखी संताप आला.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. फ्यूज काढलास तरी थ्री पिनला अर्थिंग होतं. पत्र्यात करंट आला तर तो अर्थिंगच्या तारेतून जाऊन मंडपातल्या बोर्डाचा एमसीबी पडायला हवा होता. तो का पडला नाही? प्लगची वायर सावळेरामांकडेच राहिलीये. मागवते.

उ.

---

बोरी बुद्रुक
२० नोव्हेंबर

आरीनं कापलीस.

वायर आली. अर्थिंगची जाड पिन बुडापासून सफाईनं कापलेली आहे. पक्कडीनं मोडलेली नाही, आरीनं, प्लग टेबलावरच्या शिकंज्यात, व्हाइसमध्ये आवळून. व्हाइसच्या दातांचे वळ प्लगवर उमटलेत. तसा एक दात तुटलेला व्हाइस पंचक्रोशीत एकाच दुकानात आहे, आपल्या.

घुमणं थांबावं म्हणून कापलीस ना? कुणीतरी सांगितलं असेल, पिन काढ, आवाज जातो. घुमणं त्या पिनमुळे नव्हतंच. ते तुझ्या डायोडांमुळे होतं.

यात्रेच्या आदल्या दिवशी मी बेल्ह्याच्या बाजाराला गेले होते, एका शेतकऱ्याची मोटार पोचवायला. दुकानात कोण होतं? अण्णा होते.

मी प्लग घेऊन घरी गेले. अण्णा ओट्यावर बसले होते. आई आत तांदूळ निवडत होती. मी प्लग त्यांच्यासमोर ठेवला.

"हे गोरखनं दुकानात कापलं. तुम्ही होता?"

अण्णांनी प्लग हातात घेतला नाही. "आता कशाला उकरती ते?"

"होता का नव्हता?"

"व्हतो. म्हनला, आवाज येतोय अण्णा, पिन काडतो. मला वाटलं, त्याला कळतंय."

"तुम्ही आयुष्यभर लोकांना अर्थिंग करून दिलंत, अण्णा. आणि ती पोरगी पडली त्या दिवशी? तेव्हा तर कळलं होतं ना, कशानं पडली?"

मी आईकडे बघितलं. आईनं मान वर केली नाही. तांदळात हात फिरवत राहिली. तेव्हा मला समजलं की तिलाही माहीत आहे. घरात फक्त मलाच माहीत नव्हतं.

मग अण्णा काय बोलले ते जसंच्या तसं लिहिते, कारण मी ते विसरणार नाही आणि तूही विसरू नयेस.

"हे बघ उज्ज्वला. तुजं नाव खराब झालं तर दुकानापुरतं. त्याच्यावर केस झाली आसती तर जन्माचं मातेरं. त्याचं लगीन व्हायचंय, सगळं व्हायचंय. तुजं काय, तू हायेस हितंच."

तू हायेस हितंच.

सासर सोडून परत आले तेव्हा हेच अण्णा म्हणाले होते, दुकानात बस, हे तुझंच आहे. गावानं नावं ठेवली तरी मागं हटले नाहीत. त्या उपकाराखाली मी मान खाली घालून इतकी वर्षं काम केलं. मला काय ठाऊक, गरज पडली तर हीच मान तुझ्यासाठी कापून द्यायला जपून ठेवलीये.

तू नुसता पळून गेलास. माझ्या नावावर तुझं पाप लिहायचं काम तू आणि अण्णांनी मिळून केलं. मी रोज त्यांच्या शेजारी बसून जेवत होते. रडले की ते पाठीवर हात ठेवत होते. "व्हतं आसं, बाई. चूक मानसाकडनंच व्हती," म्हणत होते.

तुला यातलं काही माहीत नव्हतं, असं मला लिहू नकोस.

---

बेल्हे
८ डिसेंबर

पत्ता बदललाय, वर बघ. बाजारतळाच्या मागं एक गाळा घेतलाय, वरची खोली राहायला. वायंडिंगचं मशीन माझं होतं ते आणलं, बाकी दुकान अण्णांना ठेवलं. पाटीवर तसंही त्यांचंच नाव होतं. गुरांच्या बाजाराला आलेले व्यापारी डोकावून जातात. एकानं विचारलं, "बाई, तुमी स्वता भरता मोटार?" मी म्हणाले, स्वतःच भरते आणि कोणी आत हात घातला तर मला कळतं. तो काही न कळून हसला.

पण हे सांगायला लिहीत नाहीये. मी आहुप्याला, अक्षदाच्या गावी जाऊन आले.

डिंभे धरणाच्या पुढं रेंज गेली ते बरंच झालं, अण्णांचा फोन वाजायचा थांबला. तू अक्षदाच्या घरी कधी गेला होतास का? बँडमध्ये तीन वर्षं होती ना ती तुझ्याबरोबर? देवराईच्या अलीकडं घर आहे. दारात भाताचा पेंढा रचलेला. तिची आई साळुबाई अंगणात नाचणी झोडत होती. मला बघून तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं नाही.

"तू ती पेटीवाली ना गं?"

मी हो म्हणाले.

"मंग कशाला आलीस? आमी काय केस केली न्हाई. माफी बिफी नको मला. माझी पोर गायची, ती आता माइक बघितला की घामेजती. आवणीला रोप धरवत न्हाई तिच्या डाव्या हातानं. बोटं बघायची का तुला? ये, बघ."

अक्षदा बाहेर आली. डाव्या हाताची दोन बोटं आत वळलेली आहेत, उघडत नाहीत. कातडी चकाकते. ती मला "या ताई" म्हणाली. साळुबाईनं तिला दटावलं तरी तिनं पाणी आणून दिलं.

मी पिशवीतून सगळं काढून पेंढ्यावर मांडलं. जळका ट्रान्सफॉर्मर, ती तांब्याची तार, कापलेला प्लग. एकेक करून सांगितलं. मला वाटलं होतं साळुबाईला कळणार नाही. तिनं मध्येच थांबवलं. "म्हंजी ह्यो जो तिसरा दांडा असतो, त्यो मानूस मरू नये म्हनून असतो?"

"हो."

"आन् त्यो त्यानं कापला."

"हो."

"आन् तुज्या नावावर घातलं."

तिनं हातातलं लाकूड टाकलं आणि तिथंच मटकन बसली. मग तिनं तुला ज्या शिव्या दिल्या त्या मी लिहीत नाही. मी शांतपणे ऐकून घेतल्या. माझ्याच्यानं इतक्या चांगल्या दिल्या गेल्या नसत्या.

अक्षदा मात्र प्लगकडं बघत होती. म्हणाली, "ताई, त्या दिवशी गिटार माझ्या गळ्यात त्यानंच घातली. म्हणाला, आवाज सारखा बसतोय, मी मागं बघतो, तू जरा तारा वाजवत राहा. मला तर गिटार येतही नाही."

हे मला माहीत नव्हतं. मला वाटत होतं, हौस म्हणून तिनं घेतली असेल. तूच तसं सांगितलं होतंस.

ती म्हणाली, "त्याला सांगा, इथं येऊन बोल. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय."

सांगितलं. यायचं का नाही ते तुझ्यावर. पण आला नाहीस तर मी हे पेंढ्यावर मांडलेलं सामान पुढं कुठं मांडायचं ते ठरवेन.

उज्ज्वला

---

बेल्हे
१९ डिसेंबर

तू अण्णांना फोन केलास. मला नाही, अक्षदाला नाही, अण्णांना. "ताईला थांबवा," म्हणून रडलास म्हणे. अण्णा इथं आले होते, बाजाराच्या गर्दीत, टोपी हातात घेऊन. म्हणाले, "भाऊ हाय गं तुजा." मी म्हणाले, मी कोण आहे त्याची?

ते गाळ्याच्या दारातून माघारी वळले. दिसत नाही नीट आता त्यांना, रस्ता ओलांडताना बैलांच्या टेम्पोसमोर गेले. मी धावत जाऊन त्यांना हाताला धरून पलीकडं नेलं, एसटीत बसवलं.

माझा राग कमी झाला असं यातून समजू नकोस.

---

बेल्हे
२१ जानेवारी २०२५

गोरख,

तू आलास. परवा आहुप्याला मी होते हे तू पाहिलंस. मी तुझ्याशी बोलले नाही हेही पाहिलंस. तिथं बोलले असते तर हात उचलला असता आणि ते त्यांचं अंगण होतं.

बारीक झालायस. केस वाढवलेस. साळुबाईनं तुला बस म्हटलं नाही. तू उभ्यानंच बोललास. रिले वाढवले, फ्यूजच्या जागी तार घातली, पिन कापली, ताईचा काही दोष नव्हता, मी घाबरलो. सगळं बोललास. पाठ करून आल्यासारखं, पण बोललास. माझ्या मनात एक क्षण असंही आलं की झालं, निदान एवढं तरी झालं. आता घरी नेऊन याला जेवू घालावं का?

तेवढ्यात अक्षदानं विचारलं. आवाज चढवला नाही तिनं.

"गोरख, तुझी गिटार तू कुणाला हात लावू देत नव्हतास. त्या दिवशी स्वतः का नाही धरलीस?"

तू खाली बघितलंस. आवाज बसत होता, मागं बघायचं होतं, असं काहीतरी म्हणालास.

"मागं बघायला बँडमधली बाकीची पोरं नाही तर सावळेरामकाका होते. मला का दिलीस?"

मग तू बोललास. इतकं हळू की साळुबाईला ऐकू गेलं नाही, तिनं "काय म्हनला?" असं मला विचारलं. ते तिला मला सांगावं लागलं, गोरख. तुझं वाक्य माझ्या तोंडानं.

"सकाळपासून तारांना हात लावला की मला झिणझिण्या येत होत्या."

सकाळपासून. म्हणजे तुला माहीत होतं. किती करंट आहे ते माहीत नसेल, कशानं आहे ते कळलं नसेल, पण लागतोय हे माहीत होतं. म्हणून तू गिटार गळ्यातून काढलीस आणि ओल्या मातीत अनवाणी उभ्या असलेल्या पोरीच्या गळ्यात घातलीस, आणि स्वतः रबरी बूट घालून मागं गेलास, हेही अक्षदानंच सांगितलं.

अण्णांचं मी समजू शकते. पटत नाही, माफ करत नाही, पण समजू शकते. मुलगा वाचवला त्यांनी. तू काय वाचवलंस? एक कार्यक्रम?

तू एसटी पकडून गेलास. मी थांबले. संध्याकाळपर्यंत आम्ही तिघी ओट्यावर बसून होतो. साळुबाईनं भाकरी केली. जेवताना अक्षदा म्हणाली, "मला वाटत होतं त्याच्या तोंडून ऐकलं की बरं वाटेल."

"वाटलं?"

"नाही. आता केस करायची."

साळुबाई घाबरली. कोर्ट, चकरा, लोक काय म्हणतील. अक्षदा तिला म्हणाली, "आई, लोक आजपर्यंत उज्ज्वलाताईला म्हणत होते. ते चाललं ना आपल्याला?"

काल आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. मी जबाब दिला. ट्रान्सफॉर्मर, तार, प्लग, सगळं जमा केलं, प्रत्येकाची खूण आणि कारण सांगितलं. अण्णा दुकानात होते हेही सांगितलं. हवालदारांनी विचारलं, "आरोपी तुमचा कोण?" मी म्हणाले, "सख्खा भाऊ." त्यांनी पेन थांबवून विचारलं, "नक्की लिहू?" लिहा म्हणाले.

तुला समन्स मडगावला येईल. पळू नकोस. वकील कर. आणि तिथंही अंगणात बोललास तेच बोल, झिणझिण्यांसकट.

तक्रार टाइप होऊन आली. अक्षदानं ती शांतपणे पूर्ण वाचली. सही करायला गेली तर टेबलावर पंख्यानं कागद उडायला लागला. डाव्या हातानं तो दाबून धरायचा तिनं प्रयत्न केला, पण बोटं उघडली नाहीत, कागद निसटत राहिला.

मग मी माझा हात त्यावर ठेवला. कागद घट्ट धरला. तिनं सही केली.

उज्ज्वला